भूमध्य समुद्राच्या काठाने कॅम्परव्हॅन: पहिल्यांदाच जाताय तर हे आधी वाचा

आमच्या पहिल्या ट्रिपची पहिली संध्याकाळ अजून जशीच्या तशी आठवते. दक्षिण फ्रान्समधलं सेत गाव, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडीसारखं मोठं तळं, आणि आम्ही पावणेदोन तास नुसते झोपायला जागा शोधतोय. बीचच्या प्रत्येक पार्किंगच्या तोंडाशी आडवा लोखंडी बार, त्यावर लिहिलेलं १.९० मीटर, आमची कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, २.६५. मागे आई आणि लेक दोघी भुकेलेल्या. शेवटी अंधार पडल्यावर एका कॅम्पसाइटच्या गेटशी पोचलो तर रिसेप्शन बंद. हे सगळं आधी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं असं त्या रात्री फार वाटलं, म्हणून हे लिहितेय.

आम्ही जर्मनीत राहतो, मूळचे पेणचे. आत्तापर्यंत तीनदा याच पट्ट्यात गेलोय, फ्रान्समधल्या मोंपेलिएच्या आसपासपासून खाली स्पेनमधल्या व्हॅलेन्सियापर्यंत. भूमध्य समुद्राचा काठ तसा खूप मोठा आहे, इटली, क्रोएशिया, ग्रीस सगळं आलं त्यात, पण नवख्या माणसाने सुरुवात याच पट्ट्यातून करावी असं माझं ठाम मत आहे कारण रस्ते रुंद, दर थोड्या अंतरावर व्हॅनसाठी सोय, आणि चढ-उतार मधल्या थोड्याच दिवसांत लागतात. खालचं बहुतेक सगळं याच पट्ट्याबद्दल.

कधी जायचं

मे ते जूनचा मध्य, नाहीतर सप्टेंबर. बस. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खं युरोप तिथे आलेलं असतं, जागा दुपारीच भरतात, गाडीचा पत्रा तापून रात्री झोप लागत नाही आणि दर दुप्पटसुद्धा होतात. सप्टेंबरात समुद्राचं पाणी उन्हाळाभर तापून छान कोमट असतं, मला तोच महिना आवडतो, पण सप्टेंबरच्या शेवटापासून पावसाचा एक गंभीर प्रकार असतो त्याबद्दल पुढे सांगते, ते वगळू नका.

व्हिसा आणि लायसन्स

भारतातून येत असाल तर शेंगेन व्हिसा लागतो, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, मोठ्यांची फी ९० युरो, आणि किमान ३०,००० युरो कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे जास्त रात्री राहणार आहात, रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. कॅम्परव्हॅनवाल्यांची अडचण अशी की राहण्याचा पुरावा काय द्यायचा, हॉटेल तर नाहीये. आमच्या नणंदेने व्हॅनचं बुकिंग, तारखेवार कुठल्या गावात असणार त्याचा तक्ता आणि आधी बुक केलेल्या कॅम्पसाइटच्या पावत्या असं एकत्र लावलं होतं आणि तिचं काम झालं. तुम्हीही किमान निम्म्याहून जास्त रात्री कॅम्पसाइटच्याच बुक करा, पहिल्या ट्रिपला ते तसंही बरं पडतं.

लायसन्सचं म्हणाल तर साधं कारचं लायसन्स चालतं, गाडीचं कमाल वजन ३,५०० किलोपर्यंत असेल तर. भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक व्हॅन यातच बसतात. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परमिट घ्या, आरटीओ देतं, सारथी पोर्टलवरून अर्ज होतो, एक वर्षासाठी असतं, आणि ते निघायच्या आधी भारतातच घेऊन टाका. जे आमच्यासारखे जर्मनीत राहायला आलेत त्यांनी लक्षात ठेवा की भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं, नंतर इथली परीक्षा द्यावीच लागते. भाड्याने देणाऱ्या कंपनीची स्वतःची पण अट असते, वय २३ किंवा २५ पूर्ण, लायसन्स किती वर्षं जुनं वगैरे, ते बुकिंग करतानाच विचारा.

गाडी कुठली घ्यायची

इथे लोक मोठी गाडी बघून भुलतात. वरती बेड, मागे बेड, मोठं बाथरूम, सात मीटर लांब. पहिल्यांदा घेऊ नका. दोन-तीन माणसं असाल तर सहा मीटरच्या आतली व्हॅन घ्या, फियाट डुकाटोवर बांधलेली ५.९९ मीटरची सगळीकडे मिळते, आत आडवा बेड, छोटं टॉयलेट, दोन बर्नरचा गॅस, फ्रीज. चार जण असाल तर त्यातच वर उघडणारं छप्पर असलेली बघा. फोक्सवॅगन कॅलिफोर्नियासारखी छोटी गाडी साधारण दोन मीटर उंच असते, चालवायला सगळ्यात सोपी, पण तिच्यात पक्कं टॉयलेट नसतं, आणि टॉयलेट नसलेल्या गाडीला बऱ्याच ठिकाणी रात्री थांबू देत नाहीत. आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर टॉयलेट गाडीत पाहिजेच, यावर माझ्याशी वाद घालू नका.

डिपॉझिट म्हणून क्रेडिट कार्डवर हजार ते दोन हजार युरोंच्या आसपास रक्कम ब्लॉक करतात, कार्ड बहुतेक वेळा ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं आणि डेबिट कार्ड चालेलच असं नाही. इन्शुरन्स वाचताना एकच गोष्ट शोधा, गाडीच्या छताचं आणि बाहेरच्या छत्रीचं, म्हणजे बाजूला उघडणाऱ्या कापडी छताचं, नुकसान कव्हर होतं का. बऱ्याचदा होत नाही, आणि नवखा माणूस नेमकं तिथेच आपटतो.

गाडी ताब्यात घेताना

त्यांचा माणूस वीस मिनिटांत भराभरा सगळं दाखवतो आणि तुम्ही मान हलवत राहता. तसं करू नका. फोनवर पूर्ण व्हिडिओ काढा, त्याला सांगून काढा, हरकत घेत नाहीत. पाणी कुठून भरायचं आणि डिझेल कुठून हे स्वतः झाकण उघडून बघा, कारण पाण्याच्या टाकीत डिझेल किंवा डिझेलमध्ये पाणी घालणारे लोक दरवर्षी निघतात. तिसरं एक निळं झाकण असतं ते ॲडब्लूचं, म्हणजे डिझेलचा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाचं, त्यात फक्त ॲडब्लू. गॅस सिलिंडरचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे, गाडी चालवताना तो बंद ठेवायचा. टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैला जमतो ती काढता येणारी टाकी, त्याच्यासमोर एकदा काढून परत बसवून बघा. ओरखडे, काचेचे टवके, टायर सगळ्याचे फोटो. आणि मग एका चिकटपट्टीवर गाडीची उंची, रुंदी, लांबी मोठ्या आकड्यात लिहून स्टेअरिंगच्या वर लावा, आमच्याकडे लेकीने स्केच पेनने लिहिली होती आणि तिची ड्युटीच होती, बार दिसला की ओरडून आकडा सांगायचा.

रस्त्यावर

आपल्याला डावीकडून चालवायची सवय, इथे उजवीकडून. एक दिवसात हात बसतो, चूक होते ती सकाळी पार्किंगमधून रिकाम्या रस्त्यावर बाहेर पडताना, तेव्हा शेजारच्याने मोठ्याने “उजवीकडे” म्हणायचं. गोल सर्कलमध्ये आत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं आणि फिरायचं उलट्या काट्याने. फ्रान्सच्या गावांमध्ये छोट्या चौकात काहीच पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला मान. सायकलवाल्याला ओलांडताना गावाबाहेर दीड मीटर अंतर सोडायचं, दोन्ही देशांत. आणि व्हॅनचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे असतो त्यामुळे वळताना शेपूट उलट बाजूला फिरतं, पेट्रोल पंपाच्या खांबाला ते घासतं, म्हणून पंपावरून निघताना आधी सरळ पुढे जा, मग वळा.

फ्रान्समध्ये एक्सप्रेसवेला टोल आहे आणि तो उंचीवर ठरतो. दोन मीटरच्या आतली गाडी क्लास १, दोन ते तीन मीटरमधली क्लास २, म्हणजे डुकाटो क्लास २ मध्ये जाते. नुसतं नारिंगी ‘टी’ लिहिलेल्या लेनमध्ये शिरू नका, ती टॅगवाल्यांसाठी आहे, आणि लेनच्या वर उंचीची पाटी असेल तर ती वाचा. पावसात एक्सप्रेसवेची मर्यादा १३० वरून ११० होते, पण व्हॅन मुळात १०० च्या वर नेऊच नका, डिझेल भसाभस जातं. स्पेनमध्ये शिरल्यावर चांगली बातमी, एपी-७ हा काठाकाठाने जाणारा एक्सप्रेसवे सरहद्दीपासून बार्सिलोनावरून तारागोनापर्यंत सप्टेंबर २०२१ पासून टोलमुक्त झाला, त्याच्या खालचा आलिकांतेपर्यंतचा २०२० मध्येच झाला होता.

डिझेलचं नाव फ्रान्समध्ये ‘गाझोल’ किंवा ‘गाझॉइल’, स्पेनमध्ये ‘गासोलेओ’ किंवा ‘दिएसेल’. स्पेनमधलं ‘गासोलिना’ म्हणजे पेट्रोल! पंपावर गोंधळ झाला तर नळीवर चौकोनात बी-७ लिहिलेलं असतं ते डिझेल. एक्सप्रेसवेवर भरू नका, सुपरमार्केटच्या पंपावर बरंच स्वस्त मिळतं, फक्त तिथलं छप्पर किती उंच आहे बघून आत जा.

मोठ्या शहरांत व्हॅन नेऊच नका. बार्सिलोनात कमी प्रदूषणाचा झोन आहे, बाहेरच्या देशाच्या नंबरची गाडी आधी ऑनलाइन नोंदवावी लागते, शिवाय पार्किंग नाही, शिवाय काच फोडून चोरी. बाहेर कुठल्यातरी कॅम्पसाइटवर गाडी लावायची आणि लोकल ट्रेनने जायचं.

रात्र कुठे काढायची

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, बाकी सगळं चुकलं तरी निभावतं, हे चुकलं की ट्रिप बिघडते.

पहिला गैरसमज, समुद्राच्या कडेला कुठेही लावली गाडी आणि झोपलो. नाही चालत. फ्रान्समध्ये समुद्रकिनाऱ्यावर कॅम्पिंगला बंदी आहे, स्पेनमध्ये १९८८ चा किनाऱ्यांचा कायदा आहे, त्याप्रमाणे सरकारी किनारपट्टीच्या हद्दीत कॅम्पिंग तर नाहीच, गाडी उभी करायलाही मनाई. दंड मोठा असतो आणि मुख्य म्हणजे गावातले लोक वैतागलेत, उन्हाळाभर त्यांच्या बीचवर लोकांनी कचरा आणि घाण टाकलेली असते, म्हणून ते उंचीचे बार आले. आपण पाहुणे आहोत हे लक्षात ठेवून वागलं तर लोक फार चांगले आहेत.

दुसरी गोष्ट, स्पेनमध्ये ‘पार्क करणं’ आणि ‘कॅम्प करणं’ यात फरक करतात. साध्या पार्किंगमध्ये, जिथे मनाईची पाटी नाही तिथे, गाडी नियमाने उभी केली आणि तुम्ही आत झोपलात तर ते पार्किंग. पण खुर्ची बाहेर काढली, छत्री उघडली, चाकाखाली उंचवटे लावले, पाणी खाली सोडलं की ते कॅम्पिंग झालं आणि दंड. चाकांशिवाय गाडीचं काहीही जमिनीला टेकता कामा नये, असं सोपं लक्षात ठेवा. आणि नगरपालिकेची पाटी असेल तर तीच खरी. दक्षिण स्पेनमधलं काबो दे गाता किंवा असल्या कुठल्या संरक्षित जंगल-किनाऱ्याच्या भागात तर रात्री विचारसुद्धा करू नका.

मग थांबायचं कुठे? तीन पर्याय.

‘एर’ हा फ्रान्सचा मोठा उपकार आहे. गावाने किंवा खासगी लोकांनी व्हॅनसाठी केलेली थांबायची जागा, बऱ्याच ठिकाणी पाणी भरायला आणि कॅसेट रिकामी करायला सोय, रात्रीचे साधारण १० ते १५ युरो, कुठे फुकटही. कॅम्पिंग-कार पार्क नावाचं एक नेटवर्क आहे, एकदा कार्ड घेतलं की ॲपमध्ये कुठे किती जागा उरल्यात ते दिसतं. एरमध्ये खुर्च्या-टेबल मांडून संसार थाटायचा नसतो, रात्र काढायची आणि पुढे. स्पेनमध्येही आता ‘आरेआ’ नावाने वाढतायत, खासगी बरीच.

कॅम्पसाइट म्हणजे गरम पाण्याची आंघोळ, वीज, कपडे धुवायचं मशीन. फ्रान्समध्ये ‘म्युनिसिपाल’ नाव दिसलं की ती नगरपालिकेची, साधी, स्वच्छ आणि स्वस्त असते, मला तीच आवडते. दुपारी १२ ते २ रिसेप्शन बंद असतं बऱ्याच ठिकाणी, आणि संध्याकाळी सातला संपतं, यावरून तुमचं वेळापत्रक ठरवा. टॉयलेट पेपर फ्रान्समध्ये बहुतेक ठिकाणी स्वतःचा न्यावा लागतो, आणि आपल्या लोकांसाठी, एक छोटी बाटली बरोबर ठेवा, सांगायला कशाला पाहिजे. स्विमिंग पूल असेल तर पुरुषांना सैल बर्मुडा चालत नाही, अंगाला घट्ट बसणारी चड्डीच लागते, माझ्या नवऱ्याला बाहेर काढलं होतं आणि पोराटोरांसारखं तोंड करून तो विकत घ्यायला गेला. ऑफ-सीझनला ॲक्सीचं डिस्काउंट कार्ड असेल तर ठरलेल्या कमी दरात जागा मिळते, आठ-दहा रात्री असतील तर ते कार्ड सहज वसूल होतं.

तिसरा पर्याय शेतावर. फ्रान्स पासियॉन नावाची योजना आहे, वर्षाची मेंबरशिप घ्यायची, मग वाईनवाले, चीजवाले, भाजीवाले शेतकरी त्यांच्या आवारात २४ तास फुकट थांबू देतात. खरेदीची सक्ती नाही, पण जाऊन नमस्कार करा, थोडं काहीतरी घ्या. आईला या जागा सगळ्यात जास्त आवडल्या, भाषा येत नसताना तिने एका शेतकरीणबाईंशी अर्धा तास टोमॅटोच्या रोपांवर गप्पा मारल्या.

जागा शोधायला पार्क-फॉर-नाइट ॲप सगळे वापरतात, त्यात ताज्या कमेंट वाचा, जुन्या फोटोंवर जाऊ नका. आणि आमचा नियम, जो आम्ही सेतच्या त्या रात्रीनंतर केला आणि परत मोडला नाही: दुपारी चारला जागेवर. चारच्या आत पोचलो नाही तर पुढचं ठिकाण रद्द, जवळ जे असेल तिथे थांबायचं. आणि दुसरा पर्याय सकाळीच शोधून ठेवायचा.

एक्सप्रेसवेच्या कडेच्या थांब्यांवर रात्री झोपू नका, या पट्ट्यात तिथे चोऱ्या होतात. कुणी चालत्या गाडीतून हात करून टायर पंक्चर आहे असं दाखवलं तर लगेच थांबू नका, पुढच्या गर्दीच्या पंपावर जाऊन बघा. पासपोर्ट गाडीत सोडून बीचवर जायचं नाही. काही झालंच तर ११२, दोन्ही देशांत.

पाणी, घाण, वीज

स्वच्छ पाण्याची टाकी साधारण १०० लिटर. ऐकायला खूप वाटतं, चार माणसांची शॉवरने आंघोळ झाली की संपली. आम्ही छोटं टब आणि मग ठेवतो, बादली-तांब्याची आंघोळ जशी, माणशी पाच-सहा लिटरमध्ये होते, भांडीसुद्धा तशीच, आधी कागदाने पुसून मग थोड्या पाण्यात. दुष्काळी भागातल्या आपल्या लोकांना हे शिकवायची गरज नाही. पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवा.

सांडपाण्याची टाकी वेगळी, टॉयलेटची कॅसेट वेगळी. कॅसेट १७ ते २० लिटरची, चार जणांत दोन दिवसांत भरते, आणि ती फक्त त्यासाठी केलेल्या जागीच रिकामी करायची, पावसाच्या गटारात नाही, झाडीत नाही, सार्वजनिक संडासात नाही. हातमोजे ठेवा, दिवा लाल व्हायची वाट बघू नका, जिथे सोय दिसली तिथे करून टाकायचं. पाणी भरायचा नळ आणि कॅसेट धुवायचा नळ शेजारी शेजारी असतात, दोन्ही वेगळे आहेत, पाटी नीट वाचा.

वीज कॅम्पसाइटवर निळ्या गोल प्लगने घेतात, ६ किंवा १० अँपिअर. हिशोब असा, ६ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे १,३८० वॉट. घरून दोन हजार वॉटचं इंडक्शन नेलंत तर पहिल्याच चहाला फ्यूज उडणार, आणि कधीकधी शेजारच्याचाही. किटली घ्यायची तर हजार वॉटच्या आतली घ्या.

स्वयंपाक

आधी कस्टम्स. भारतातून युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, पनीर नाही. ताजा कढीपत्ताही नको. मसाले, डाळी, भाजलेला रवा, पोहे, मेतकूट, चटण्या आणा. तूरडाळ तिथल्या सुपरमार्केटात मिळत नाही, मसूर आणि चणे मात्र सगळीकडे, ‘लांतिय कोराय’ म्हणजे आपली लाल मसूर डाळ, कुकरला दोन शिट्ट्या. तीन लिटरचा छोटा कुकर नक्की न्या, गॅस वाचतो.

फोडणी गाडीत करायची तर वरची खिडकी आणि बाजूची खिडकी दोन्ही उघड्या, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो आणि हिंगाचा वास गादीत आठवडाभर राहतो. आम्ही कॅम्पसाइटवर बाहेर छोट्या शेगडीवर दोन दिवसांचं एकदम करतो आणि एरमध्ये फक्त गरम करतो. स्वयंपाकाची शेगडी पेटवून गाडी गरम करायचा प्रयत्न कधीही करू नका, बंद गाडीत जीव जातो.

वारा आणि पाऊस

हे मनावर घ्या. रोन नदीच्या खोऱ्यातून मिस्त्राल आणि पिरेनीजच्या बाजूने त्रामोंतान, असे दोन वारे या काठावर येतात, आकाश निरभ्र, ऊन लख्ख, आणि वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर जाऊ शकतो. ल्युकातजवळच्या एक्सप्रेसवेवर तर वाऱ्याच्या पाट्याच लावलेल्या असतात. अशा दिवशी हळू जा, ट्रकला ओलांडून पुढे आलात की एकदम झटका बसतो, स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरा. रात्री गाडीचं नाक वाऱ्याकडे करून लावा, वरचं छप्पर खाली, बाहेरची छत्री बंद. जेवायला म्हणून पाच मिनिटं गेलो आणि छत्री उलटी होऊन छतावर गेली असं शेजारच्या गाडीचं झालेलं मी पाहिलंय.

आणि पाऊस. सप्टेंबरच्या शेवटापासून गरम समुद्रावरून आलेली वाफ डोंगराला आपटून काही तासांत कित्येक महिन्यांचा पाऊस पाडते. २९ ऑक्टोबर २०२४ ला व्हॅलेन्सियाच्या आसपास असाच पूर आला, त्या भागात २०० हून जास्त माणसं गेली. आपल्याला २६ जुलै आठवतो तसा तिथल्या लोकांना तो दिवस आठवतो. स्पेनमध्ये ‘रांब्ला’ म्हणजे कोरडे ओढे, वर्षभर कोरडेठाक, सपाट, गाडी लावायला अगदी छान वाटतात. तिथे कधीच, कधीच लावू नका. फोनवर धोक्याचा मेसेज मोठ्या आवाजात आला तर गाडी सोडून उंचावर जा, गाडीचं बघता येईल नंतर.

उन्हाळ्यात आगीचा धोका. मार्सेयजवळच्या कालांक भागात जून ते सप्टेंबर डोंगरात जायला रोजच्या रोज परवानगीचे नकाशे निघतात, आदल्या संध्याकाळी बघायचे.

बारा दिवसांचा रस्ता

रोज गाडी हलवू नका. जमेल तिथे एका जागी दोन रात्री, आणि बार्सिलोना ओलांडतानाचे व पुढचे लांब टप्पे सोडले तर दिवसाला साधारण १०० किलोमीटर. आमचा रस्ता मी भाताच्या हिशोबाने सांगते, कारण या काठावर तीन मोठी भातखाचरं आहेत आणि आम्हाला ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा भरून आलं होतं.

मोंपेलिएला गाडी घेऊन पहिला मुक्काम एग-मोर्त, तटबंदीचं जुनं गाव, बाजूला गुलाबी मिठागरं. तिथून कामार्ग, रोन नदीचा त्रिभुज प्रदेश, पांढरे घोडे, फ्लेमिंगो आणि भातशेती. आईचं माहेर खारेपाटातलं. खाऱ्या जमिनीत गोडं पाणी भरून ठेवायचं म्हणजे मीठ खाली दबतं आणि भात येतो, हे तिने बांध बघूनच ओळखलं, आणि खरंच कामार्गमध्ये असंच करतात. सँत-मारी-द-ला-मेर गावात दोन रात्री काढा, जवळच्या पाँ द गो पक्षी उद्यानात फ्लेमिंगो अगदी जवळून दिसतात. डासांची तयारी ठेवा, जाळी आणि मलम दोन्ही. आणि २४-२५ मेला तिथे रोमा लोकांची मोठी यात्रा असते, काळ्या सारामातेची मूर्ती समुद्रावर नेतात, त्या आठवड्यात सगळं गाव त्यांच्या गाड्यांनी भरलेलं असतं, जागा मिळणार नाही हे धरूनच जा. पण जमलं तर एक दिवस बघाच, या लोकांची भाषा आपल्या भाषांच्या कुळातली आहे, पाण्याला ते पानीच म्हणतात आणि कानाला कान.

मग सेत आणि बुझिग, तळ्यातले ऑयस्टर खाणाऱ्यांसाठी. ग्रुइसाँ किंवा ल्युकात, वारा बघून. कोलिउर, जिथे १९०५ साली मातिस आणि देरँ यांनी ते भडक रंगांतलं चित्रकाम केलं, गाव चिमुकलं आहे, गाडी गावाबाहेर लावून चालत उतरा. पुढे सरहद्दीपर्यंतचा काठाचा रस्ता वळणावळणाचा, डावीकडे समुद्र, सुंदर आहे, पण ज्यांना गाडी लागते त्यांना आधी गोळी द्या. चित्रकार दालीचं घर बघायला कादाकेसला जायचं तर व्हॅन रोझेसला ठेवून बसने जा, तो रस्ता आणि ते गाव व्हॅनसाठी नाही.

ला एस्कालाला एम्पुरिएसचे ग्रीक आणि रोमन अवशेष समुद्राला लागून आहेत, तिथे एक दिवस. बार्सिलोना ओलांडून एब्रोचा त्रिभुज प्रदेश, दुसरी भातशेती, जूनमध्ये हिरवीगार, सप्टेंबरात कापणी. सायकली मिळतात, सपाट बांधावरून लेकीने दिवसभर चालवली. शेवटी व्हॅलेन्सियाच्या दक्षिणेला साधारण १० किलोमीटरवर अल्बुफेरा तळं आणि एल पाल्मार गाव, पायेया या प्रसिद्ध स्पॅनिश भाताच्या प्रकाराचा तांदूळ तो हाच, ही तिसरी भातशेती. बोंबा तांदूळ पायेयासाठी चांगला, पण वरणभाताला रोजचा साधा गोल तांदूळ घ्या, त्याला एक शिट्टी जास्त द्या, आंबेमोहरासारखा वास नाही पण मऊ अगदी तसाच होतो.

दिवस कमी असतील तर एब्रोवरूनच परत फिरा. व्हॅलेन्सियाहून मोंपेलिए एका दिवसात गाठू नका, मधे एक रात्र थांबाच.

शेवटची रात्र गाडी परत द्यायच्या जागेपासून तीस किलोमीटरच्या आतल्या कॅम्पसाइटवर काढा. तिथेच कॅसेट धुवा, सांडपाणी सोडा, फ्रीज पुसा, गादीखाली बघा, आमच्या वेळी लेकीचा शंखांचा डबा तिथे सापडला. सकाळी डिझेल भरून पावतीचा फोटो, मीटरचा फोटो, चारी बाजूंचे फोटो, आणि दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी गेटवर. टोल आणि कॅमेऱ्याचे दंड कंपनीमार्फत नंतर येऊ शकतात, म्हणून करारपत्र वर्षभर जपून ठेवा.